कांडी

वडगावच्या मागच्या गल्लीत,
जिथं दुकानाची पाटी कानडीत आणि उधारीची वही मराठीत,
मी बत्तीस वर्षं कांड्या भरते.
माग माझा नाही, साडी माझी नाही.
लडीवरचं सूत रहाटावरून कांडीवर घ्यायचं,
एवढंच माझं.

एकदा झोपेच्या भरात
मोतिया सुताला गुलबक्षी टोक जोडलं गेलं.
कांडीवर काही दिसलं नाही. वरून चार वेढे मोतियाच होते.
कांडी धोट्यात गेली, धोटा अंधारात येजा करत राहिला,
आणि वीतभर पुढं, पदराच्या ऐन मध्यावर,
एक रेघ उमटली.
शिवपुत्राप्पा ओरडला नाही. रेघेवर बोट ठेवून म्हणाला,
“मागाचं काय चुकलं, बाई? तू दिलंस तेच त्यानं विणलं.”

हे मला हातानं कळत होतं.
जिवाला कळायचं राहिलं होतं.

आठ दिवसांनी नळाला पाणी आलं तेव्हा
निंगव्वानं माझी घागर दोन घागरी मागं सारली.
मी बोलले नाही.
पाळकबाई महिला सभेत म्हणाल्या,
“शांत राहावं तर आमच्या सुंदराबाईंसारखं.”
मी मान खाली घातली, आणि मला ते आवडलं.

आत मात्र रहाट फिरत होता.
एक शब्द होता. इथं लिहीत नाही.
भाकरी थापताना त्याचा एक वेढा,
दिव्याची वात खाली करताना एक,
उपासनेत सगळे डोळे मिटून असताना दोन,
आणि आमेन म्हणता म्हणता अर्धा.
मनाला कुठली आलीय सीमा, कुठला तपासणी नाका.
विचारच तो, म्हटलं, कुणाच्या घागरीला धक्का लागतोय?

तिसऱ्या शनिवारी निंगव्वा दारात आली,
पदराखाली होळिगेची वाटी, वर तूप.
माझा नातू अब्दिएल, पाच वर्षांचा,
आत वळून खणखणीत ओरडला:
“आजी, ती — आली!”

तोच शब्द.
मी तो कधी उच्चारला नव्हता. शपथेवर सांगितलं असतं.
पण रहाटावर बसले की माझे ओठ हलतात,
हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.
तो सुताच्या गुंड्यांशी खेळत
माझ्या गुडघ्यापाशी बसलेला असतो.

निंगव्वाची मराठी तोडकी.
पण तो शब्द दोन्ही भाषांत एकच आहे.
वाटी उंबऱ्यावर ठेवून ती गेली.
तूप गोठेपर्यंत मी उभी.

रात्री गुडघे टेकले.
ओठांवर पहारा ठेव, बापा, असं मी रोज मागत आले,
आणि तू ठेवलास.
बिचारा पहारेकरी पुढच्या दारात जागत राहिला,
मी मागच्या खोलीत माल भरत राहिले.
आता आत ये. कांडी बघ.

विणलेलं उकलायला विणण्याच्या चौपट वेळ लागतो,
एकेक बाणा, नखानं.
सकाळी वाटी परत नेली, रिकामी नाही, जवसाची चटणी घालून.
रात्रभर घोकलेलं सगळं वाटेतच सांडलं.
तिच्या भाषेत एवढंच आलं: “तप्पायितु.”
तिनं चटणीचा वास घेतला.
“लसूण जास्त झाला,” म्हणाली,
आणि दार लावलं. आपटलं नाही. लावलं.

पुढच्या पाण्याला माझी घागर पुन्हा दोन घागरी मागंच होती.
लगेच आत पहिला वेढा बसला.
मला ऐकू आला, इतकंच नवीन.
सूत तोडलं.
दुसरं टोक शोधलं:
जिना चढताना धरावा लागणारा तिचा गुडघा,
हुबळीला गेलेला मुलगा, ज्याचा फोन येत नाही,
आणि तुपाचा तो हात, सढळ.

रहाट चालू आहे.
अब्दिएल गुडघ्यापाशी आहे.
माझे ओठ हलताहेत,
तो ऐकतोय.